कारण नंतर

खाणीवर तिला सगळे हळूबाई म्हणत, पण कामात ती हळू नव्हती. पाण्याचे दोन हंडे घेऊन चढ चढताना ती तरण्या पोरींना मागे टाकायची. हळू होता तो तिचा आवाज. सासू म्हणायची, "आमच्या घराला आग लागली ना, तर ही शेजारच्या दारात जाऊन कानात सांगेल." आणि अशा बाईच्या वाट्याला त्या उन्हाळ्यात नेमकं ओरडायचं काम आलं.

काम मुळात तिच्या नवऱ्याचं. खाणीच्या उगवतीकडच्या टेकाडावर पत्र्याचं छप्पर टाकलेली एक चौकी होती. सुरुंग उडायच्या आधी तिथं झेंडा घेऊन उभं राहायचं, खालच्या पायवाटेवर कुणी येत नाही ना ते बघायचं, आणि वाट मोकळी असली की झेंडा आडवा धरायचा. खाली आडोशामागे सुरुंगाच्या चापावर हात असायचा तिच्या सासऱ्याचा. त्यांना सगळी खाण मिस्त्री म्हणे. उभा जन्म दगड फोडण्यात गेलेला माणूस. अंगानं वाळलेला, पण मनगट अजून पहारीसारखं. त्यांचा एक नियम होता, तो त्यांना त्यांच्या उस्तादाकडून मिळाला होता. भोंगा वाजला की हात मागे घ्यायचा नाही. "तोंडातून गेलेला शब्द आणि भरलेला सुरुंग परत येत नसतो," असं ते सांगत, आणि ऐकणारे माना डोलवत.

त्या नियमापायी त्यांच्या पोराचा, म्हणजे हळूबाईच्या नवऱ्याचा, पाय अधू झाला. मागच्या हंगामात भोंगा होऊन गेल्यावर एक गुराखी वाटेवर आला. पोरानं झेंडा उभा हलवून बापाला थांबवायला हवं होतं. पण बापाचा सुरुंग आजवर कुणी थांबवलेला नव्हता, म्हणून तो झेंडा टाकून स्वतःच उतारावरून धावत सुटला. गुराख्याला त्यानं ढकलून दिलं, गुराखी वाचला. पोराच्या डाव्या पावलावर दगड आला. पाऊल राहिलं, पण ते आता जमिनीवर सरळ टेकत नव्हतं. या सगळ्याबद्दल बाप आणि लेक एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. घरात दुसऱ्या हजार गोष्टी बोलल्या जात.

खाणीच्या खोल्या कामावरच्या माणसांसाठी असत. मिस्त्रींचं वय झालेलं, त्यांना पाऊस पडेपर्यंतच ठेवणार होते. त्यानंतर खोलीत राहायचं तर घरातलं कुणीतरी कामावर हवं. नवऱ्याला चौकीचा चढ चढवत नव्हता. उरली हळूबाई. मुकादमाला ती जागा आपल्या मेहुण्यासाठी हवी होती, आणि तो हे लपवतही नव्हता. "चौकीवर माणूस पाहिजे," तो म्हणायचा, "मांजर नको."

चौकी हळूबाईला दिली ती नव्या बाईसाहेबांनी. कंपनीनं पाठवलेली ही तरुण इंजिनियर इतक्या लांबून आली होती की इथल्या भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता. डोक्यावर पिवळी टोपी घालून ती सुरुंगाच्या प्रत्येक भोकाशी स्वतः गुडघे टेकून बघायची. आल्या आल्या तिनं सुरुंगाच्या विजेच्या तारा काढायला लावल्या आणि त्यांच्या जागी आतून ठिणगी नेणाऱ्या पिवळ्या नळ्या आणल्या, कारण तिला चौक्यांवर बिनतारी सेट द्यायचे होते, आणि सेटच्या लहरींनी विजेच्या तारेवरचा सुरुंग भलत्या वेळी उडू शकतो. झेंडा बंद. यापुढे जे काही सांगायचं ते सेटवर, आणि सगळ्यांना कळेल अशा ठरलेल्या इंग्रजी शब्दांत. गाड्यांचे ड्रायव्हर चार भाषांचे होते, त्यांची आपसात एकी फक्त शिव्यांवर होती.

दगड फोडायच्या यंत्राच्या सावलीत सगळ्यांना बसवून शब्द शिकवले. बाईसाहेब बोलायच्या आणि त्यांचा जीपवाला मराठीत सांगायचा.

"ऑल क्लिअर म्हणजे मोकळं आहे, उडवा. होल्ड ऑन म्हणजे जरा दम धरा, अजून उडवायचं आहे. आणि कॉल ऑफ..." जीपवाला अडखळला. "कॉल म्हणजे बोलावणं, आणि ऑफ म्हणजे बंद."

बाईसाहेबांनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्यांनी हाताची दोन बोटं एकत्र आवळून दाखवली आणि काहीतरी बोलल्या.

"बाईसाहेब म्हणतात, तोडून अर्थ लावू नका. दोन्ही मिळून एकच शब्द धरा. म्हणजे ठरलेलं रद्द करणं. पार रद्द."

"थांबवलं काय आणि रद्द केलं काय, फरक काय पडतो?" भोकं पाडणाऱ्यांपैकी एकानं विचारलं.

जीपवाल्याला आता रंग चढला. "हे बघा, समजा लग्न आहे. नवरदेव वाटेत चहा प्यायला थांबला. ते होल्ड ऑन. उशिरा का होईना, लग्न लागणार. आता समजा नवरदेवाच्या बापानं निरोप धाडला, की आम्हाला हे लग्न करायचं नाही. ते कॉल ऑफ. स्वयंपाक झालेला असो, पाहुणे येऊन बसलेले असोत, उठायचं आणि आपापल्या घरी जायचं."

"आणि त्या स्वयंपाकाचं काय?"

"तुला जेवणाचीच पडलीये," जीपवाला म्हणाला, आणि सगळे हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एक वाक्य सांगितलं, सावकाश, आणि जीपवाल्याचंही हसू मावळलं.

"कॉल ऑफ चौकीवरचा कुणीही म्हणू शकतो. लागोपाठ तीनदा म्हणायचं. आणि कुणी म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही. आधी चापावरचा हात काढायचा, नळी सोडवायची. कारण नंतर."

मिस्त्री आतापर्यंत खाली मान घालून दगडाच्या कपचीनं जमिनीवर रेघा ओढत होते. त्यांनी मान वर केली. "म्हणजे माझी सून टेकाडावरून सांगणार, उठा, आणि मी का म्हणून विचारायचं नाही?"

"नाही."

"लग्न माझ्या घरचं, आणि मोडणार सून!"

यावर हशा पिकला, पण तो वरवरचा होता. कारण मोडल्यावर काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. भरलेली भोकं तशी सोडून जाता येत नाही. रात्रभर पहारा ठेवायचा, सकाळी नव्यानं मोजणी करायची. तोवर दगड नाही, दगड नाही तर यंत्र नाही, यंत्र नाही तर रोजावरच्या सगळ्यांचा दिवस बुडाला. हळूबाई बायकांच्या मागे बसली होती. तिनं शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला. जिभेला जड नव्हता.

संध्याकाळी घरात तालीम सुरू झाली. नवरा दुखरा पाय उपड्या घमेल्यावर ठेवून दारात बसला होता, ती चुलीपुढे होती.

"समज मी खाली आहे. वाटेवर माणूस आला. सांग."

"अहो, जरा कॉल ऑफ करता का?"

सासूला ठसका लागला. नवरा कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, भाजी आणायला सांगतेस का? 'जरा' नको. 'करता का' नको. 'अहो' तर नकोच नको. नुसतं म्हण."

"नुसतं कसं म्हणायचं? खाली मामंजी असणार."

"मामंजी नाहीत तिथं. चाप आहे."

तिनं चुलीकडे बघत म्हटलं, "कॉल ऑफ." भात शिजतानाचा आवाज त्यापेक्षा मोठा होता.

पहिले काही सुरुंग सुरळीत गेले. उन्हाळा वाढत होता. पत्र्याखाली बसलं की डोक्यावर तवा धरल्यासारखं व्हायचं. सेटचं काळं प्लास्टिक हातात तापायचं. बाईसाहेब एकेका चौकीला विचारत, तिची पाळी आली की ती बटण दाबून "ऑल क्लिअर" म्हणे, मग बाईसाहेब दहापासून उलटं मोजत. दोन आकड्यांमध्ये त्या मुद्दाम थांबत, कुणाला काही सांगायचं असलं तर सांगता यावं म्हणून. शेवटच्या आकड्याला मिस्त्री चाप दाबत. आधी जमीन तिच्या तळपायांना कळायची आणि आवाज नंतर यायचा.

पण त्या वर्षी खालच्या रानातलं गवत करपून गेलं होतं. हिरवं नाहीच, वाळलेलंसुद्धा उरलं होतं ते फक्त खाणीच्या कुंपणाच्या आत, पायवाटेच्या वळणावर. गाई-म्हशींच्या बरगड्या मोजता येत होत्या, मग बायकांना कुंपण कशाला दिसतंय? भोंगा झाला तरी एखादी म्हणायची, एवढी मूठ कापते आणि निघते.

तशीच ती गवतवाली आली. बाईसाहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि वळणावरच्या झुडपामागून डोक्यावर भारा घेतलेली बाई बाहेर पडली, सरळ खाणीच्या तोंडाकडे चालायला लागली. हळूबाईनं तिला पाहिलं. स्वच्छ पाहिलं. बटण दाबलं. आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते लग्न होऊन आल्यापासून रोज बाहेर पडत होतं तेच.

"मामंजी, ऐका ना..."

पदराचं टोक तोंडाशी गेलं होतं. "खाली वाटेवर ना, कुणीतरी बाई दिसते. जरा थांबता का..."

आडोशामागे बाईसाहेबांनी मोजणं थांबवून मिस्त्रींकडे बघितलं. त्यांना फक्त एक पुटपुटता आवाज ऐकू आला होता. मिस्त्रींना पहिले दोनतीन शब्द ऐकू आले होते, आणि त्या शब्दांनी सून घरात त्यांना जेवायला बोलवायची, चहा हवा का विचारायची. उरलेले खरखरीत गेले. मिस्त्रींनी हात झटकला. घरचंच काहीतरी आहे, असा तो झटका होता. त्यांना एक इंग्रजी शब्द येत होता, तो त्यांनी वापरला. "नथिंग."

आणि उरलेली मोजणी न ऐकताच चाप दाबला; भोंगा तर वाजून गेला होता. बाईसाहेबांचा हात त्यांच्या मनगटापर्यंत पोचला तेव्हा जमीन हलून गेली होती.

धूळ बसायला वेळ लागला. हळूबाई टेकाडावरून उतरत नव्हती, घसरत होती. गवतवाली वाटेच्या कडेच्या चरात पडलेली होती. तिच्या भाऱ्यात डोक्याएवढा दगड रुतून बसला होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी ती धड होती. ती उठून बसली, कानात बोट घालून हलवलं, आणि हळूबाईकडे बघून म्हणाली, "तू वर बसून काय बघत होतीस गं?"

 हळूबाईनं बाईच्या कोपराची माती पदरानं पुसायला हात पुढे केला, तर तिनं तो झिडकारला.

चौकशी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत झाली. जीपवाला मधे उभा.

"बाईसाहेब विचारतात, तुला ती दिसली होती?"

"हो."

"कधी?"

"मोजायला लागल्या तेव्हाच."

"मग आधी काय म्हणालीस?"

तिनं मान खाली घातली. "मामंजी, अशी हाक मारली." मागे कुणीतरी खुसखुसलं. जीपवाल्यानं बाईसाहेबांना त्याचा अर्थ सांगितला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तिच्याकडे बघत राहिल्या, आणि तेच तिला जास्त लागलं.

"बाईसाहेब म्हणतात, मोजणीत मान द्यायला जागा नसते. तुला दिसलं होतं, म्हणून तुला ठेवतात. पण आणखी एकदा असं झालं, तर चौकी दुसऱ्याकडे. आणि मिस्त्री, तुम्ही. यापुढे वरून शब्द आला की तोच शब्द तुम्ही मोठ्यानं परत म्हणायचा. सगळ्यांना ऐकू येईल असा."

 सुरुंग उडाल्यावर मिस्त्री नेहमी बिडी पेटवत. त्या दिवशी काडी तीनदा विझली आणि त्यांनी बिडी तशीच कानावर ठेवून दिली. मुकादम मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो कुणाचं नाव न घेता म्हणाला.

घरी मिस्त्री भिंतीकडे तोंड करून जेवले. हळूबाईला वाटत होतं, त्यांनी एकदा शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटले. पण ते देतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सासू तिला घेऊन कोरड्या ओढ्यात गेली. लाकडं आणायच्या निमित्तानं. पात्राच्या मधोमध एका धोंड्यावर सासू बसली आणि म्हणाली, "सांग मला."

"काय सांगू, आत्याबाई?"

"तेच. ऊठ म्हणून. रद्द म्हणून. मी तुझी सासू आहे, माझ्यापेक्षा कठीण माणूस तुला शोधून सापडायचं नाही. मला सांगता आलं की जगाला सांगता येईल."

हळूबाईनं सांगितलं. सासूनं कानामागे हात धरला. तिनं पुन्हा सांगितलं.

"अगं, मीच करंटी," सासू म्हणाली. "तू आलीस तेव्हा मीच गावभर सांगत फिरले, सुनेचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर जात नाही म्हणून. तुझ्या त्या हळू बोलण्याचं कौतुक मीच केलं. काल ते त्या बाईच्या जिवावर आलं होतं." तिचे डोळे भरले, ते तिनं मनगटानं पुसले. मग ती धोंड्यावर उभी राहिली, खोल्यांच्या दिशेनं तोंड केलं, जिथं मिस्त्री दुपारचे आडवे झाले होते, आणि छातीतून ओरडली, "कॉल ऑफ! कॉल ऑफ! कॉल ऑफ!"

कावळे उडाले. सासू धोंड्यावरून उतरताना म्हणाली, "बरं वाटतं गं. ओरडून बघ." हळूबाई हसली, आणि मग ओरडली.  लाकडं गोळा होईपर्यंत घसा बसला होता, पण आवाज ओढ्याच्या पलीकडे जाऊन परत येत होता.

पुढचा सुरुंग हंगामातला सगळ्यात मोठा होता. रस्त्याचं काम अडून राहिलं होतं, दगडासाठी गाड्या खाणीच्या फाटकापासून पार वळणापर्यंत उभ्या होत्या. यंत्र दोन दिवस रिकामं होतं, माणसंही. सकाळपासून भोकं भरत होती. मिस्त्री काठीनं माती ठासत होते, बाईसाहेब मागोमाग बघत होत्या. वारा सुटला होता. तो खाणीतली भुकटी उचलून टेकाडावर आणून टाकायचा, आणि हळूबाईला घटकेघटकेला डोळे पुसावे लागत होते. नवरा त्या दिवशी काठी टेकत टेकत खालच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. घरी बसवलं नाही त्याला.

भोंगा वाजला. चौक्यांनी एकेक करून सांगितलं. तिनं वाट पाहिली, वळण पाहिलं, चर पाहिला. "ऑल क्लिअर." आवाज ठीक निघाला.

बाईसाहेब मोजायला लागल्या.

वाऱ्याचा एक झोत आला, वाट धुळीत बुडाली, आणि धूळ जरा विरळ झाली तेव्हा वळणावरच्या झुडपामागे काहीतरी हललं. मातकट. खाली वाकल्यासारखं. मग पुन्हा धूळ. तिनं डोळे चोळले. बाई असेल. गवत कापायला वाकलेली बाई अशीच दिसते. नसेलही. परवाचा धसका असेल. गाड्यांची ती एवढी रांग, एवढ्या माणसांचा दिवस, मुकादमाचा मेहुणा कामाचे कपडे घालून फाटकाशी आलेला. पुन्हा धूळ विरळ होईपर्यंत थांबलं तर खात्री होईल. बाईसाहेब मोजत होत्या. खात्री होईपर्यंत मोजणी संपणार होती.

तिचा हात पदराकडे निघाला. तो तिनं खाली ओढला आणि बटण दाबलं.

"कॉल ऑफ. कॉल ऑफ. कॉल ऑफ."

सेटवर क्षणभर नुसती खरखर. मग कुणाचातरी सेट हिसकावून मुकादमाचा आवाज आला. "काय दिसलं? ए हळूबाई, काय दिसलं ते सांग आधी!"

तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं, "बहुतेक," आणि "वाटतंय," आणि "मामंजी".  तिनं पुन्हा बटण दाबलं. "कॉल ऑफ," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला ओढ्यातून परत आल्यासारखा ऐकू आला.

खाली आडोशामागे मिस्त्रींचं बोट चापावर होतं. बाईसाहेबांनी त्यांचा हात धरला नाही. त्या फक्त त्यांच्याकडे बघत होत्या. भोंगा वाजून गेलेला होता, आणि या हातानं भोंगा झाल्यावर कधी माघार घेतलेली नव्हती.  मिस्त्रींनी बोट उचललं, जणू ते चिकटलं होतं. नळी सोडवली. चाप दगडावर ठेवला. मग सेट तोंडाशी धरून जड जिभेनं, एकेक अक्षर ठेवत म्हणाले, "कॉल ऑफ."

माणसं वाटेकडे धावली. हळूबाई सगळ्यांच्या आधी पोचली होती. झुडपाच्या काट्यांत सिमेंटचं एक रिकामं पोतं अडकलं होतं. वारा आला की ते फुगायचं, वारा गेला की वाकायचं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. चरात पाहिलं. कुणी नव्हतं.

"पोतं!" मुकादम ओरडला. "साप साप म्हणून भुई धोपटली! पोत्यासाठी माणसांचा दिवस घालवला!" मागून येणाऱ्यांना त्यानं ते पोतं बोटानं दाखवलं, आणि मग ज्याला त्याला तोंड फुटलं. काल जिच्या हातचं पाणी प्यायले होते तिला लोक काय वाटेल ते बोलले. एक ड्रायव्हर तिला न कळणाऱ्या भाषेत बोलला, पण अर्थ कळला. ती उभी राहिली. तिला रडू येत होतं, आणि लाजही वाटत होती, पण आपण खोटं बोललो असं मात्र वाटत नव्हतं, याचं तिलाच नवल वाटलं.

बाईसाहेब आल्या. त्यांनी पोतं बघितलं, झुडपापासून खाणीच्या तोंडापर्यंत नजर टाकली आणि जीपवाल्याला थोडक्यात सांगितलं.

"बाईसाहेब म्हणतात, आता कारण विचारलं, कारण मिळालं. काम झालं. उद्या सकाळी पुन्हा."

"आणि चौकीवर कोण?" मुकादमानं विचारलं.

"तीच."

मुकादम तिरीमिरीत पोतं ओढून काढायला गेला, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा दंड धरला. "राहू दे ते. जिथं आहे तिथंच राहू दे."

"आता का? सुनेची आठवण म्हणून?"

"ते पोतं आहे हे तुला इथं जवळ येऊन कळलं," मिस्त्री म्हणाले. "तिला तिथं वरून कळायचं होतं." आणि ते भरलेल्या भोकांशी पहारा द्यायला निघून गेले. तिच्याकडे त्यांनी बघितलं नव्हतं.

सकाळी वारा पडला होता. पोतं झुडपाला गुमान लटकलं होतं. माणसं आडोशांमागे गेली, भोंगा झाला, चौक्यांनी सांगितलं. हळूबाईनं वाट, वळण आणि चर पाहिला आणि "ऑल क्लिअर" म्हटलं. बाईसाहेबांनी मोजलं. जमीन तिच्या तळपायाखाली एवढी जोरात हलली की पत्र्यावरचे खडे खाली पडले.

धूळ खाली बसली तेव्हा वळणावर झुडूप नव्हतं. तिथं गाडीच्या चाकाएवढा दगड येऊन बसला होता, अजून ताजा, कडा पांढऱ्या. त्याच्याखालून पोत्याचा एक कोपरा बाहेर आला होता.

मिस्त्री चालत आले. दगडापुढे उकिडवे बसले आणि तो कोपरा धरून ओढला. आला नाही. पुन्हा दोन्ही हातांनी ओढला. कापड फाटलं, टिचभर तुकडा हातात आला. हळूहळू माणसं जमली. गाड्या सुरू झाल्या होत्या तरी कुणी दगड भरायला गेलं नाही. मुकादमानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तो यंत्राकडे वळला.

नवरा काठी टेकत आला आणि बापाच्या शेजारी उभा राहिला. मिस्त्रींच्या नजरेसमोर त्याचं ते वाकडं पाऊल होतं. ते त्या पावलाकडे बघत राहिले. त्या हंगामापासून आजपर्यंत त्यांनी तिकडे धड बघितलं नव्हतं.

"त्या दिवशी तू धावलास," ते म्हणाले. "ओरडून मला थांबवलं का नाहीस?"

 लेकानं विचारलं, "तुम्ही थांबला असता?"

मिस्त्रींनी हातातला तुकडा दुमडला, आणखी दुमडला आणि खिशात ठेवला. उठताना त्यांना हात लागला, तो लेकानं दिला. दोघंही एकमेकांना धरून कसेबसे सरळ झाले, आणि हळूबाईला ते बघवेना, म्हणून ती चौकीकडे परतली.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसले. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसले नव्हते. भात संपत आला तसं हळूबाईनं पातेलं जवळ ओढलं.

"मामंजी, आणखी भात वाढू?"

मिस्त्रींनी ताटावर हात आडवा धरला. "कॉल ऑफ," ते म्हणाले.

सासूनं घास तोंडात तसाच धरला. नवरा म्हणाला, "बाबा, तो शब्द असा जेवणात नसतो वापरत."

"मला येतो तेवढा वापरतो."

हळूबाईच्या हातातला डाव तसाच होता. या घरात एकदा नको म्हटलं की निदान दोनदा तरी घ्या म्हणायचं, अशी रीत होती. "थोडासा घ्या ना. जेमतेम तर जेवलात. का नको?"

"तूच विचारतेस, का म्हणून?" मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत, आणि त्यांचे डोळे ओले होते. "कारण नंतर."

तिनं डाव परत पातेल्यात ठेवला.